सोन्याची नाणी विकायचीयत, पण योग्य भाव ओळखायचा कसा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वडील गेल्यावर त्यांच्या लॉकरमधे सोन्याची नाणी निघाली. सहा मोठी, एकेक औंसाची, त्यातली तीन क्रुगरँड आणि तीन मेपल लीफ. शिवाय नऊ जुनी सॉव्हरिन. वारस दोघंच, या ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ. भावाला कर्ज फेडायचंय, तो म्हणतो सगळं एकदम विकून टाकू. ताई पिशवी घेऊन एका दुकानात गेल्या, तिथे सगळी नाणी एकत्र काट्यावर टाकली, "यातली बरीच लालसर आहेत, बावीस कॅरेटच धरावं लागेल, आणि मोड म्हणूनच घेणार" असं म्हणून वर घट कापून एक आकडा सांगितला. तो मोबाईलवर दिसणाऱ्या भावाच्या हिशोबाने खूपच कमी होता. ताई न विकता परत आल्या. तेव्हापासून भाव जरा उतरलाय म्हणून भाऊ चिडलाय, काका म्हणतात सोनं विकूच नका, अजून दुप्पट होईल. ताईंचे प्रश्न: मोबाईलवरचा पूर्ण भाव मिळायलाच हवा ना? आपल्याला यातलं काही कळत नाही मग विश्वास कोणावर ठेवायचा? आणि नाणी काळपटलीयत, पॉलिश करून नेली तर जास्त येतील का?

ताई,

दुकानातून नाणी परत घेऊन आलात हे अगदी बरोबर केलंत, भाऊ काहीही म्हणो. का ते आधी सांगते, कारण तुमच्या पत्रातच सगळा हिशोब आहे, फक्त तो कोणी मांडून दाखवला नाही.

मेपल लीफ हे कॅनडाचं नाणं, १९७९ पासून निघतं आणि १९८२ पासून त्यात हजारात ९९९.९ भाग शुद्ध सोनं असतं, म्हणजे चोख चोवीस कॅरेट, वजन ३१.१ ग्रॅम. क्रुगरँड दक्षिण आफ्रिकेचं, १९६७ पासूनचं, ते बावीस कॅरेटचं आहे हे खरं, तांबं मिसळलेलं असतं म्हणून लालसर दिसतं. पण त्याचं वजन ३१.१ ग्रॅम नसतंच, ते ३३.९३ ग्रॅम भरतं. कारण त्यात एक औंस *शुद्ध* सोनं असावं म्हणून तांबं वरून धरलेलं असतं. नाण्यावरच बघा, हरणाच्या बाजूला एक औंस शुद्ध सोनं असं इंग्रजीत आणि तिथल्या आफ्रिकान्स भाषेत लिहिलेलं आहे. म्हणजे तुमच्या सहाच्या सहा मोठ्या नाण्यांत शुद्ध सोनं सारखंच आहे, लाल असो की पिवळं. आणि सॉव्हरिन हे ब्रिटिश नाणं, तेही बावीस कॅरेट, वजन ७.९९ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम.

आता बेरीज करा. सहा मोठ्यांचं शुद्ध सोनं १८६.६ ग्रॅम, नऊ सॉव्हरिनचं ६५.९, एकूण साधारण २५२.५ ग्रॅम. सगळी एकत्र काट्यावर टाकली तर काटा २६७ ग्रॅम दाखवेल. त्या दुकानदाराने सगळ्याला बावीस कॅरेट धरलं, म्हणजे २६७ चे ९१.६७ टक्के, येतात २४४.७ ग्रॅम. जवळपास पावणेआठ ग्रॅम शुद्ध सोनं तिथेच गायब झालं, म्हणजे एका अख्ख्या सॉव्हरिनपेक्षा जास्त, आणि अजून घट कापायचीच होती! त्याने मुद्दाम केलं की घाईत केलं हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि खरं तर त्याने फरकही पडत नाही. वेगवेगळ्या कसाची नाणी एका ढिगात मोजली की विकणाऱ्याचं नुकसान होतंच, म्हणून यापुढे कुठेही गेलात तरी एक एक प्रकार वेगळा मोजायला सांगायचा, त्यात लाजायचं काही नाही.

याचाच एक भाऊबंद प्रकार आहे तोही सांगून ठेवते, कारण बऱ्याच जणांना तो कळत नाही. क्रुगरँडसाठी कोणी म्हणेल "एक औंस ना, म्हणजे ३१.१ ग्रॅम, आणि बावीस कॅरेट आहे म्हणून आठ टक्के कमी". हे दोनदा कापणं झालं. ३१.१ हा आकडा आधीच शुद्ध सोन्याचा आहे, त्यातून परत काही कापायचं नसतं. एका नाण्यामागे २.६ ग्रॅम जातात यात. अमेरिकेच्या ईगल नाण्याचंही असंच आहे, बावीस कॅरेट, ३३.९३ ग्रॅम. ब्रिटनचं ब्रिटानिया २०१२ पर्यंत बावीस कॅरेट होतं, २०१३ पासून चोवीसचं झालं, म्हणजे तिथे साल बघावं लागतं. ज्यांच्याकडे यातलं काही असेल त्यांनी हे आकडे चिठ्ठीवर लिहून सोबत न्यावेत.

आणि औंस म्हटलं की कोणता औंस तेही बघा. सोन्याचा औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जो औंस असतो तो २८.३५ ग्रॅमचा. काही ठिकाणी पेनीवेट नावाचं मापही वापरतात, ते दीड ग्रॅमपेक्षा किंचित जास्त असतं, ग्रॅम समजून हिशोब केलात तर गोंधळ होतो. सोपं म्हणजे सगळं ग्रॅममधेच बोलायचं, काट्याचा डिस्प्ले तुमच्याकडे वळवून, आणि काटा आधी शून्यावर आहे ना ते बघून.

आता तुमचा पहिला प्रश्न, मोबाईलवरचा पूर्ण भाव मिळायलाच हवा ना. इथे मला तुम्हाला जरा थांबवावंसं वाटतं. तो भाव नेमका कसला आहे हे बघितलंत का? एखाद्या ॲपवर आंतरराष्ट्रीय स्पॉट रेट असतो, म्हणजे घाऊक बाजारात त्या क्षणाला चालू असलेला भाव, डॉलरमधे, एका ट्रॉय औंसाचा. दुसऱ्या ठिकाणी दुकानात विकत घ्यायचा भाव असतो, ज्यात कर, आयातीचा खर्च, दुकानाचा नफा सगळं आलं. या दोन आकड्यांत बराच फरक असू शकतो, आणि दुसऱ्याला "माझा हक्काचा भाव" धरून बसलात तर जगातली कुठलीच ऑफर तुम्हाला बरोबर वाटणार नाही. परदेशी चलन बदलायच्या काउंटरवर कसे दोन भाव लिहिलेले असतात, आम्ही देतो तो आणि आम्ही घेतो तो, सोन्याच्या नाण्याचंही तसंच असतं. मधला फरक हीच त्या माणसाची कमाई, त्यातूनच त्याचं दुकान, विमा, तपासणीची मशिनं, आणि भाव पडला तर होणारा तोटा निघतो. तो फरक असणं म्हणजे फसवणूक नाही, किती आहे ते बघायचं.

मग पाया कुठला धरायचा? लंडनमधे रोज दोनदा, तिथल्या वेळेने सकाळी साडेदहा आणि दुपारी तीनला, लिलाव पद्धतीने सोन्याचा एक भाव ठरतो आणि जगभरचे व्यापारी तो मानतात. लंडनमधे असा भाव ठरवायची सुरुवात १९१९ मधे झाली, तेव्हा दिवसातून एकदाच, २०१५ पासून इलेक्ट्रॉनिक लिलाव झालाय. तो किंवा त्या क्षणाचा स्पॉट रेट घ्या, ३१.१०३५ ने भागा, आपल्या चलनात करा, आला एका ग्रॅमचा भाव. तो गुणिले तुमच्या नाण्यातलं शुद्ध सोनं. याला धातूची किंमत म्हणायचं आणि ही १०० धरायची. यापुढे कुठलीही ऑफर आली की रकमेकडे न बघता आधी शंभरात किती ते बघायचं. ही सवय एकदा लागली ना की समोरचा कितीही गोड बोलला, कितीही तुच्छतेने बोलला तरी डोकं शांत राहतं.

एक औंसाची नावाजलेली नाणी, म्हणजे क्रुगरँड, मेपल लीफ, ईगल, ब्रिटानिया, ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक, यांचा रोज धंदा करणाऱ्या डीलरकडे साधारण ९६-९७ पासून १०० च्या आसपास ऑफर यायला हवी असं मी धरते. मागणी जोरात असेल, माल कमी असेल तर शंभराच्या वरही मिळतात. मार्च २०२० मधे स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या रिफायनऱ्या, म्हणजे सोनं शुद्ध करणारे कारखाने, काही दिवस बंद पडल्या, विमानं थांबली, तेव्हा हातात असलेल्या नाण्यांना स्पॉटपेक्षा बरंच वर मोजत होते लोक. उलट बाजारात सगळेच विकायला निघाले की हाच आकडा खाली येतो. पण ९० वगैरे कोणी सांगत असेल तर नमस्कार करून उठायचं.

इतका फरक का पडतो दुकानादुकानात? कारण तुमच्या दुकानदाराने "मोड" म्हटलं. दागिने घडवणाऱ्याला नाण्याचा नाणं म्हणून उपयोग नसतो, तो ते वितळवणार, त्यात खर्च होतो, थोडी तूट येते, म्हणून तो घट कापतो. त्याच्या धंद्याच्या हिशोबाने ते ठीकही असेल. पण नाणं वितळवायची गरजच नसते! ते जसंच्या तसं दुसऱ्या गिऱ्हाईकाला विकता येतं, आणि ते सुद्धा धातूच्या किमतीच्या वर काहीतरी लावून. तुमच्या वडिलांनीही घेताना हे वरचे पैसे मोजले असणार, टांकसाळीचा खर्च, घडणावळ, वितरकाचा नफा. ते सगळे परत मिळतील असं नाही, लहान नाण्यांवर तर टक्क्यांत बघितलं तर जास्तच मोजावे लागतात आणि विकताना त्यातला मोठा भाग जातो. पण नाणं हे नाणं म्हणूनच विकायचं, मोडीत घालायचं नाही, आणि ते नाणं म्हणून विकत घेणारा माणूस शोधायचा. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राचं निम्मं उत्तर इथेच आहे. तुम्ही चुकीच्या दारात गेला होतात.

बरोबर दार कुठलं, तर बुलियन (म्हणजे चोख सोन्याच्या लगडी, बिस्किटं) आणि नाण्यांचा व्यवहार करणारा डीलर, ज्याचा खरेदीचा भावही उघड लिहिलेला असतो, नुसता विक्रीचा नाही. वडिलांचं जुनं बिल सापडलं तर त्याच डीलरला आधी विचारा, स्वतः विकलेला माल परत घ्यायला बरेच जण तयार असतात. मग अजून दोघातिघांना, त्याच दिवशी, शक्यतो एकाच वेळेच्या आसपास विचारा, कारण सोन्याचा भाव दिवसभर हलत असतो, सोमवारची एक ऑफर आणि गुरुवारची दुसरी यांची तुलना करण्यात अर्थ नाही. फोनवर किंवा ईमेलवर विचारताना नाण्याचं नाव, साल, नग, स्थिती एवढंच सांगा आणि दोन गोष्टी विचारा: आज स्पॉटच्या किती टक्के देता, आणि भाव कुठल्या क्षणाला पक्का होतो, मी फोनवर हो म्हणेन तेव्हा की नाणं तुमच्या हातात पडेल तेव्हा. या दुसऱ्या प्रश्नावर जो आढेवेढे घेईल त्याच्याकडे जाऊ नका.

ऑनलाईन लिलावात किंवा थेट ओळखीतल्या माणसाला विकून जास्त मिळू शकतं, डीलरचा वाटा वाचतो. पण साइटचं कमिशन, विम्यासह पाठवायचा खर्च, पैसे दिल्यासारखे दाखवून मागे घेणारे खरेदीदार, आणि घरात सोनं आहे हे अनोळखी माणसाला कळणं, हे सगळं धरलं तर पंधरा नाण्यांसाठी मी तुम्हाला तो रस्ता सुचवणार नाही. "सोनं पोस्टाने पाठवा, आम्ही भाव कळवू" वाल्यांपासून तर लांबच राहा. नाणं आधी त्यांच्या हातात गेलं की भाव करायची तुमची ताकदच संपली. गहाणवट घेणारे तात्पुरत्या अडचणीला ठीक, विकायला नाही.

पॉलिशचं: अजिबात करू नका, कृपा करून. ब्रशने नाही, पावडरने नाही, लिंबू-चिंच काही नाही, मऊ फडक्याने घासणंसुद्धा नको. बावीस कॅरेटच्या नाण्यात तांबं असतं त्यामुळे वर्षानुवर्षं ठेवल्यावर रंग थोडा उतरतो, डाग दिसतात, त्याने सोनं काही कमी होत नाही आणि ते बघून डीलर दचकत नाही. घासलेल्या नाण्यावर मात्र बारीक रेघा उठतात, भिंगातून लगेच दिसतात, आणि मेपल लीफसारखं चोख सोनं इतकं मऊ असतं की बोटातली अंगठी लागली तरी ओरखडा जातो. जुन्या सॉव्हरिनचं तर साफ केल्याने संग्राहकाच्या दृष्टीने मोल जातं ते परत येत नाही. कडेला धरा, टेबलावर कापड पसरून बघा, पिशवीत एकमेकांवर आपटू देऊ नका. ज्यांच्याकडे सीलबंद कार्डातलं नाणं असेल त्यांनी ते कार्ड उघडायचं नाही, आणि दुकानात कोणी "तपासायला फाडावं लागेल" म्हणाला तर आधी भाव लेखी घ्यायचा.

तपासणीचं भय तुम्हालाही वाटत असेल, वडिलांना कोणी खोटं तर विकलं नाही ना. घरी एवढं बघता येतं: वजन वर दिलंय, व्यास क्रुगरँडचा जवळपास ३२.७ मिलिमीटर, मेपल लीफचा ३०, सॉव्हरिनचा २२. खोट्या नाण्यात हलका धातू असला तर वजन बरोबर आणायला नाणं जाड किंवा रुंद करावंच लागतं, म्हणून वजन आणि माप दोन्ही जुळलं की बराच धीर येतो. अजून एक प्रयोग आहे, मला तो फार आवडतो. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, मग नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला आणि काचेला न लागता. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. मेपल लीफला १.६१ च्या आसपास, क्रुगरँडला १.९४, सॉव्हरिनला ०.४६ यायला हवं. नंतर नाणं टिपून घ्या, पुसू नका. हा प्रयोग एका धातूपुढे मात्र हरतो, टंगस्टन, त्याची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३, म्हणून आत टंगस्टन भरून वर सोन्याचा थर दिलेली खोटी नाणी वजनाला, पाण्याला उतरतात, चुंबकालाही चिकटत नाहीत. त्यासाठी डीलरकडे विद्युतवाहकता मोजणारं किंवा अल्ट्रासाऊंडचं यंत्र असतं, नाण्याला काही इजा न करता ते आतलं सांगतं. एक्स-रे वाली मशीन बऱ्याच ठिकाणी दिसते पण ती वरच्या थरापुरतंच सांगते. आणि कसोटीच्या दगडावर घासून, ॲसिड लावून कस बघू द्यायचा नाही, त्याने नाण्याला कायमची खूण पडते. "दुसरी काही पद्धत आहे का तुमच्याकडे" असं सरळ विचारायचं. नसेल तर ते नाण्याचं दुकानच नाही असं समजायचं.

सॉव्हरिन विकायच्या आधी भिंग घेऊन एक संध्याकाळ बसा. घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली ड्रॅगन असेल, त्याच्या खाली साल. सालाच्या वरती, जमिनीच्या रेघेवर एखादं बारीकसं अक्षर आहे का बघा, ती टांकसाळीची खूण, एम म्हणजे मेलबर्न, एस म्हणजे सिडनी, पी म्हणजे पर्थ. १८८७ च्या आधीच्या काही नाण्यांवर हे अक्षर दुसऱ्या बाजूला, राणीच्या मानेखाली असतं. दोन्हीकडे अक्षर नसेल तर बहुतेक लंडनचं. बहुतेक सालांची सॉव्हरिन लाखोंनी निघाली, त्यांना धातूच्या किमतीपेक्षा थोडंच वर मिळतं. पण काही सालं दुर्मिळ आहेत, उदाहरणार्थ १९१७ चं लंडनचं, तेच साल पर्थ किंवा सिडनीचं असेल तर साधं. एका अक्षराने एवढा फरक पडतो! आणि दुर्मिळ म्हणूनच त्या सालाची बनावट नाणीही फिरतात, तेव्हा असं काही निघालं तर लगेच उड्या न मारता नाणेतज्ज्ञाला दाखवा, डीलरला विकायला म्हणून नाही, फक्त मत घ्यायला. नऊच्या नऊ साधी निघण्याचीच शक्यता जास्त आहे हे मनाशी ठेवून बघा, म्हणजे निराशा होणार नाही.

आता काका. सोनं विकू नये, दुप्पट होईल. होईलही. पण जानेवारी १९८० मधे सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं होतं आणि तोच आकडा परत दिसायला जानेवारी २००८ उजाडलं, अठ्ठावीस वर्षं, आणि मधल्या काळात महागाईने त्या ८५० ची किंमत किती खाल्ली ते वेगळंच. २०११ मधे १९०० च्या आसपास गेलं, २०१५ च्या अखेरीला १०५० पर्यंत आलं, मग २०२० मधे २००० ओलांडलं. आणि उलटंही बघा, ब्रिटिश सरकारने १९९९ ते २००२ मधे जवळपास ३९५ टन सोनं विकलं, सरासरी औंसाला २७५ डॉलरच्या आसपास, म्हणजे नेमकं तळाला. ज्यांच्याकडे सगळी माहिती, सगळे तज्ज्ञ, त्यांना वेळ साधता आली नाही. त्यामुळे तुम्ही दुकानातून परत आलात आणि भाव थोडा उतरला यात तुमची काही चूक नाही, भावाला हे शांतपणे सांगा. दोन-तीन टक्के भाव उतरणं हा कुणाच्याच हातातला विषय नाही, पण ढीग मोजून तीन टक्के सोनं आणि वर घट जाणं हे हातातलं होतं, आणि ते तुम्ही वाचवलंत.

थांबायचं की नाही याचं उत्तर सोन्याच्या भावात शोधण्यापेक्षा भावाच्या कर्जात शोधा असं मी म्हणेन. त्या कर्जाचं व्याज किती, ते महिन्याला किती खातंय? व्याज जड असेल तर सोनं वाढेल या आशेवर कर्ज चालू ठेवणं हा जुगार आहे आणि त्याचा हप्ता तो भरतोय, काका नाहीत. पण त्यासाठी सगळं विकायची गरज आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही. "सगळं किंवा काहीच नाही" असं दोघांनीही गृहीत धरलंय. नाणी हे असं धन आहे की ते वाटता येतं. शुद्ध सोन्याने मोजून निम्मं म्हणजे प्रत्येकी साधारण १२६ ग्रॅम. तीन मोठी त्याची, तीन तुमची, क्रुगरँड की मेपल लीफ हा वाद नको कारण सोनं सारखंच आहे, चार-चार सॉव्हरिन, आणि नववं विकून पैसे निम्मे. भावाने त्याची विकावीत, त्याला कर्जाला लागतील तेवढीच. तुमची तुम्ही ठेवा किंवा विका, तो तुमचा निर्णय आणि त्यासाठी कुणाला उत्तर देत बसायचं कारण नाही. आधी मोठी विकायला सांगा त्याला, त्यांना गिऱ्हाईक लगेच असतं आणि टक्क्यांत कापलं कमी जातं, सॉव्हरिन तज्ज्ञाने बघेपर्यंत राहू द्यात. वाटणी मात्र कागदावर लिहा, नाण्याचं साल घालून, फोटो काढून, दोघांच्या सह्या करून. भावंडांत लिहून कशाला असं वाटेल, पण वाद होतात ते न लिहिल्यामुळेच.

वडिलांच्या वस्तू विकतोय म्हणून जीव खालीवर होतोय असं तुम्ही अगदी ओझरतं लिहिलंय, पण मला ते सगळ्यात जास्त जाणवलं. एक विचारते, वडिलांनी दागिने न घेता ही नाणी का घेतली असतील? जी जगात कुठेही ओळखली जातात, सहज विकता येतात, भागता येतात अशी वस्तू माणूस अडचणीच्या दिवसासाठीच घेतो. तरी मन मानत नसेल तर तुमच्या वाट्यातलं एक ठेवा, कायमचं. हिशोबात बसतं का नाही बघू नका.

विक्रीच्या दिवशी एकट्या जाऊ नका, आणि सगळी नाणी सोबत नेऊ नका, जेवढी विकायची ठरली तेवढीच. पैशांची किती निकड आहे हे बोलू नका, भावालाही आधी बजावून ठेवा, कारण "साहेब, महिनाअखेरीला बँकेत भरायचेत" हे एक वाक्य दोन टक्के खाऊन जातं. नाणं तुमच्या नजरेसमोरून आतल्या खोलीत जाऊ देऊ नका, तपासणी समोरच. "आजच्या आज सांगा, उद्या हा भाव नाही" म्हणाले तर म्हणायचं, उद्या उद्याचा भाव सांगा, स्पॉटच्या टक्क्यांत. रोख मोठी रक्कम घ्यायच्या फंदात पडू नका, बँकेतून घ्या, आणि पैसे खात्यात खरोखर जमा झालेले दिसल्याशिवाय, पाठवल्याचा नुसता स्क्रीनशॉट बघून, नाणी सोडू नका. ओळखपत्र मागितलं तर घाबरायचं नाही, प्रामाणिक डीलर ते मागतोच, चोरीचा माल येऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच मागावं लागतं.

पावतीवर नाण्याचं नाव, साल, नग, वजन, त्यावेळचा भाव हे सगळं लिहून घ्या, "सोने, एकूण अमुक ग्रॅम" एवढं नको. वारसाने आलेलं सोनं विकल्यावर कर लागतो का, कोणत्या किमतीपासून नफा मोजायचा, हे देशागणिक वेगळं असतं, काही ठिकाणी तर नाण्यागणिक वेगळं, ब्रिटनमधे राहणाऱ्याला सॉव्हरिन आणि ब्रिटानियावरच्या नफ्याचा कर लागत नाही पण क्रुगरँडवर लागू शकतो. म्हणून वाटणीचा कागद, वडिलांची जुनी बिलं आणि वारसाची कागदपत्रं घेऊन एकदा कर सल्लागाराकडे जाऊन या, विकायच्या आधी, नंतर नाही. लॉकरमधे बिलं नसली तर वडिलांच्या जुन्या बँक पासबुकात त्या सालातले मोठे खर्च शोधा, कुठल्या डीलरला पैसे गेले त्याचं नाव तिथे सापडू शकतं, आणि मग पहिला फोन त्यालाच करा.